दहावीनंतरचे तीन शनिवार

मी फिटर आहे, म्हणजे यंत्रांचे भाग घासून जुळवणारा, बसवणारा कामगार. १९९६ ते १९९८ आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिस, मग सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर या गेटवरून त्या गेटवर, आणि २००६ पासून नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला परमनंट. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण यावरूनच झालं. लेकीने आयटीआयचं नाव काढलं तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने 'नाही' म्हणणारा मीच होतो.

लेकीने दहावीनंतर काय घ्यायचं, हे प्रकरण जानेवारी ते ऑगस्ट २०२४ असं चाललं. त्या काळात माझ्यासारख्या बापाने लिहिलेलं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं बऱ्याचदा वाटलं. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय, पैसे कुठे वाया गेले त्यासकट.

सुरुवात वाया गेलेल्या पैशांपासूनच करतो. जानेवारीतल्या एका रविवारी एका क्लासने हॉलमध्ये 'मोफत करिअर सेमिनार' ठेवला होता. चहा, बिस्किटं, पडद्यावर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या मुलांचे फोटो. शेवटी सांगितलं की तुमच्या मुलाचा जन्मजात कल बोटांच्या ठशांवरून कळतो, आज नोंदणी केली तर सात हजारांऐवजी साडेचार हजार. शेजारच्यांनी भरले, मग आम्हीही भरले. खोटं कशाला बोलू, त्या गर्दीत हात आपोआप खिशात जातो.

दहा बोटांचे ठसे घेतले आणि आठवड्याने चौतीस पानी रंगीत अहवाल दिला. त्यात लेक शास्त्रज्ञ, वकील, गायिका, उद्योजक, झालंच तर पायलटसुद्धा होऊ शकत होती. शेवटच्या पानावर शिफारस होती: अकरावी सायन्स आणि सोबत दोन वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि शिकवणी क्लासमध्ये. कोर्स अर्थातच त्याच क्लासचा. ठशांवरून बुद्धी मोजण्याला शास्त्रीय आधार नाही, हे मला नंतर कळलं. तोवर मला हसू येत होतं ते वेगळ्याच कारणाने. पंचवीस वर्षं कानस घासून माझ्या बोटांवरचे ठसे इतके झिजलेत की कंपनीतलं हजेरीचं मशीनही ते घेत नाही, मला वेगळं कार्ड करून दिलंय. म्हणजे माझा जन्मजात कल कानशीने घासून गेला म्हणायचा.

शाळेत वर्गशिक्षिकांना विचारलं. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची शाळेतच कल चाचणी व्हायची. माझ्या पुतण्याने २०१८ मध्ये दिली होती. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती, आणि पुतण्याच्या कागदावर गणवेशधारी सेवा आलं होतं. तो आज मोबाईलच्या दुकानात आहे. घरात कुठलीही चाचणी म्हटली की त्याचा विषय निघतोच. लेकीच्या वर्षाला शाळेत तसं काही झालं नाही. बाईंनी मात्र एक नंबर दिला. म्हणाल्या, "या मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या आहेत. कुठल्या क्लासशी, कॉलेजशी त्यांचा संबंध नाही. आधी फोन करा, फी विचारा."

फोन केला फेब्रुवारीत. पहिलंच उत्तर असं की मी गप्प झालो. "परीक्षा कधी संपते? २६ मार्चला ना? मग एप्रिलमध्ये या. आत्ता तिला अभ्यास करू द्या." साडेचार हजार भरून घेणाऱ्यांनी आजच नोंदणी करा म्हटलं होतं आणि ही बाई गिऱ्हाईक परत पाठवत होती. फी सांगितली तीन हजार. त्यात चाचणी आणि नंतरची एक बैठक. पुढे लागलीच तर दर बैठकीला सहाशे. चाचण्या कोणत्या वापरता, अहवाल कोण समजावणार आणि नंतर शंका आली तर फोन घेणार का, हे तीन प्रश्न मी बाईंच्या सांगण्यावरून विचारले. तुम्हीही विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही तो तिथेच कळतो.

पहिला शनिवार, १३ एप्रिल. पाडवा मंगळवारी होऊन गेला होता, घरात श्रीखंड शिल्लक होतं. गंगापूर रोडला दोन खोल्यांची जागा, बाहेर चपलांचं रॅक, भिंतीवर कुठल्या टॉपरचा फोटो नाही. सकाळी दहाला लेक आत गेली ती दीड वाजता बाहेर आली, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. आत काय होतं ते तिने घरी येताना गाडीवर सांगितलं: कागदाची घडी उलगडली तर कोणता डबा होईल, दातेरी चाकं एकमेकांत अडकवली तर शेवटचं कुठल्या दिशेला फिरेल, आकड्यांच्या जोड्या तंतोतंत सारख्या आहेत का, शब्दांची नाती, आकडेमोड. प्रत्येक भागाला घड्याळ लावलेलं. मग आवडीनिवडीची एक लांबलचक यादी, तिला मात्र वेळेचं बंधन नाही. "चाकांचं मजा आली," म्हणाली, "आकड्यांच्या जोड्यांना डोकं उठलं."

मलाही एक दोनपानी फॉर्म दिला होता. आई-वडिलांचं शिक्षण, काम, घरातलं उत्पन्न, मुलीसाठी काय ठरवलंय आणि का. इथवर मी भराभर लिहिलं. पुढे प्रश्न होता, 'तुम्ही पंधरा वर्षांचे असताना तुम्हाला काय व्हायचं होतं?' ती ओळ मी कोरी सोडली. मला कोणी विचारलंच नव्हतं. मामा आयटीआयतून फॉर्म घेऊन आले, फिटरसमोर टिक केली आणि सही करायला दिली, एवढंच माझं व्यवसाय मार्गदर्शन. पास झाल्यावर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड काढलं, वर्षानुवर्षं ते नूतनीकरण करत राहिलो, कॉल एकही आला नाही. त्या कार्यालयाचं नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं झालंय. नावात मार्गदर्शन आलंय हे मी या निमित्ताने पहिल्यांदा वाचलं.

दुसरा शनिवार, २७ एप्रिल. आधी लेक एकटीच आत गेली, पाऊण तास. हिची आई अस्वस्थ. "आपल्यासमोर का नाही बोलत?" मी पण आतून चिडलोच होतो, पैसे आपण भरलेत ना. मग आम्हाला बोलावलं.

टेबलावर अहवाल होता, साधा, काळ्या शाईतला, पाच पानं. यांत्रिक समजेपुढे ८८, आकृतींच्या अवकाशीय समजेपुढे ९१, आकडेमोडीपुढे ५४, भाषेपुढे ४७, कारकुनी वेग-अचूकतेपुढे २९. मी लगेच मनात बेरीज करायला लागलो. मॅडमनी ओळखलं. "हे मार्क नाहीत. हे शतमान आहे. तिच्यासारख्या शंभर मुलांना रांगेत उभं केलं तर यांत्रिक समजेत अठ्ठ्याऐंशी जण तिच्या मागे आहेत. आकडेमोडीत ती बरोबर मधोमध आहे. ५४ म्हणजे काठावर पास नव्हे." हे नीट समजून घ्या, कारण बाहेर पडल्यावर नातेवाईक विचारतात, 'टेस्टमध्ये किती पडले?' आणि आपण ५४ सांगून मोकळे होतो.

दुसऱ्या पानावर आवड. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कामाच्या आवडीचे सहा प्रकार मांडलेत: वास्तववादी म्हणजे हाताने, अवजाराने, वस्तूंशी काम करणारे, मग शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील, पारंपरिक. लेकीचं वास्तववादी सगळ्यात वर, त्याखाली कलात्मक. मी पुतण्याचा किस्सा सांगितला. त्या हसल्या नाहीत. "त्याच्या कागदावर कल होता. कल म्हणजे आवड. जमतं का हा वेगळा प्रश्न, घरची परिस्थिती तिसरा, आणि त्या कामाला बाहेर मागणी आहे का हा चौथा. एका कागदावर सगळं कसं येईल? आणि त्याच्यासोबत बसून तो कागद कोणी वाचला होता का?" नव्हता वाचला. शाळेत वाटला, घरी फ्रीजवर लावला.

मग त्यांनी लेकीला विचारलं, "तू मला जे सांगितलंस ते यांना सांगशील का?" आणि लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ड्रॉइंग करायचंय, पप्पा. मशीनचं. तुमच्या कंपनीचे मशीनच्या ड्रॉइंगचे जुने प्रिंट तुम्ही रद्दीत आणता ना, त्याच्या मागे मी पाचवीपासून चित्रं काढते. पुढची बाजू पण मला वाचता येते. आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आहे."

आयटीआय हा शब्द ऐकला आणि माझा आवाज चढला. मी म्हणालो, मॅडम, मी ते आयुष्य काढलंय. ठेकेदार, सहा महिन्यांचा ब्रेक, पीएफ कापतो पण भरत नाही, दिवाळीला आतल्यांना बोनस आणि बाहेरच्यांना मिठाईचा अर्धा किलोचा बॉक्स. पोरीला त्यात घालू?

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "तुम्हाला काम नको वाटतं, की कामावर मिळालेली वागणूक?"

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. रात्री दोनला बंद पडलेलं प्रेस मशीन आपल्या हाताने पुन्हा सुरू होतं, सगळी लाइन हलायला लागते, तेव्हा काय वाटतं ते मी घरी कधी बोललो नव्हतो. तिथे बोललो. लेक बघतच राहिली. मॅडमनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'काम', दुसऱ्या बाजूला 'नोकरीच्या अटी'. माझं सगळं गाऱ्हाणं दुसऱ्या बाजूला गेलं. ते खोटं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. उलट लेकीला म्हणाल्या, "हे पण लिहून घे. वडील सांगतायत ते खरं आहे. ट्रेड, म्हणजे आयटीआयचा अभ्यासक्रम, निवडताना हा कागद जवळ ठेवायचा."

मी शेवटी सरळच विचारलं, "मग काय घ्यावं तिने?" त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही." खरं सांगतो, राग आला. तीन हजार रुपये उत्तरासाठी दिले होते. त्यांनी उत्तराऐवजी गृहपाठ दिला: मे महिन्यात तीन ठिकाणी जायचं, प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा दिवस बसायचं आणि चार प्रश्न विचारायचे. सकाळी आल्यावर पहिलं काय करता? यातलं सगळ्यात कंटाळवाणं काय? पहिल्या वर्षी पगार किती होता आणि आज किती? पुन्हा दहावीला बसवलं तर हेच घ्याल का?

मॅडमच्या बोलण्यात पार्सन्स म्हणून कोणाचं नाव आलं होतं. घरी आल्यावर शोधलं. फ्रँक पार्सन्स, मूळचा इंजिनिअर, पुढे वकील. त्याने १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांना काम निवडायला मदत करणारं केंद्र काढलं आणि त्याच वर्षी वारला. त्याचं पुस्तक १९०९ मध्ये, तो गेल्यावर आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामं नीट ओळखा, मग दोन्हींचा मेळ डोकं लावून घाला. वाचून मला आमचं फिटिंगच आठवलं. मेल-फिमेल जॉब, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन तुकडे, करताना दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. एकच मोजून दुसऱ्यात ठोकला तर बसतो, पण चिरतो.

मे महिना फिरण्यात गेला. हिच्या आईच्या आग्रहाखातर आधी फिजिओथेरपिस्टकडे, कारण पांढरा कोट. लेकीने अर्धा दिवस काढला आणि बाहेर येऊन म्हणाली, "लोकांशी सतत गोड बोलावं लागतं, मला दिवसभर नाही जमणार." दुसरं ठिकाण म्हणजे शेजारची बारावीत गेलेली मुलगी. तिचं दोन दिवसांचं वेळापत्रक लेकीने वहीत उतरवलं: सकाळी सहा ते रात्री साडेनऊ, आणि कॉलेजचं तोंड महिन्यातून एकदा. तिला विचारलेल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही.

तिसरं ठिकाण सातपूरला, माझ्या मित्राच्या ओळखीची टूलरूम, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे (डाय) बनवायची जागा. डायचं डिझाइन करणारा मुलगा आयटीआय ड्राफ्ट्समन, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा, आता संगणकावर काम. सकाळी पहिलं काय करतो? "काल ज्याला फायनल म्हटलं होतं ते कस्टमरने रात्री बदललंय का ते बघतो." कंटाळवाणं काय? "बदल. परत बदल. ए, बी, सी करत रिव्हिजन एफपर्यंत जातं." पगाराचे आकडे त्याने खरे सांगितले, सुरुवातीचा ऐकून हिची आई नंतर दोन दिवस गप्प होती. लेक तिथे अर्ध्या दिवसासाठी गेली होती, संध्याकाळी सहाला मी आणायला गेलो तरी उठेना. त्या मुलाने तिला एक चुकलेला प्रिंट दिला होता आणि चूक शोध म्हटलं होतं. तिला एक सापडली. त्याला माहीत नसलेली दुसरीही सापडली, असं तो म्हणाला. लेकीचं मन ठेवायला म्हणाला असेल, पण घरी येताना गाडीवर ती काही बोलली नाही, म्हणजे खूश होती.

सोमवारी २७ मेला निकाल लागला. ७९.४० टक्के. राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, त्यामुळे पेढे घेऊन जाल तिथे पेढेच. 'एवढ्या मार्कांवर आयटीआय?' हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांकडून ऐकलं, मोजलं नाही. जानेवारीत मीही तेच म्हणालो असतो.

तिसरा शनिवार, १ जून. सहाशे रुपये. या वेळी बोलली ती हिची आई. पोरांच्या गराड्यात एकटी मुलगी, वर्कशॉप, बसने जाणं-येणं. मला वाटलं मॅडम आता मुली कुठे कुठे पोहोचल्यात याचं भाषण देतील. त्या म्हणाल्या, "भीती बरोबर आहे. एक काम करा, शाळा-कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी नाही, चालू दिवशी जा. ड्राफ्ट्समनच्या वर्गात किती मुली आहेत ते मोजा. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का, पाणी आहे का, बघा. शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी आईने बोलायचं, वडिलांनी लांब थांबायचं." दहावीनंतर कुठेही प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी करावं असं हे काम आहे. आम्ही दोन आयटीआय पाहिल्या. एकीत स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. दुसरीत वीस जणांच्या तुकडीत पाच मुली, आणि किल्लीची गरजच नव्हती. अर्जातल्या विकल्पांत कुठली आयटीआय आधी टाकायची ते तिथेच ठरलं.

त्याच बैठकीत पुढचे रस्तेही कागदावर मांडून दिले. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेता येते. अप्रेंटिसशिपचा रस्ता १९६१ च्या कायद्याने आहेच. मी स्वतः आयटीआयचा असून समकक्षतेचं मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही. दहावीनंतर थेट डिप्लोमा का नाही, हेही बोलून झालं. लेकीचं म्हणणं, आधी हाताने शिकायचंय, आणि आकडेमोड ५४ आहे तर गणिताचा डोंगर एकदम नको. हे तिने स्वतःचा अहवाल वाचून म्हटलं, आमच्यापैकी कोणी तिच्या तोंडात घातलं नाही.

आता फॉर्मचं. आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर होतो. अर्जाची फी २०२४ मध्ये आमच्या खुल्या प्रवर्गासाठी दीडशे रुपये होती. आम्ही फॉर्म सायबर कॅफेत भरला आणि तिथल्या पोराने वेळ वाचावा म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. चार दिवसांनी विकल्प भरायला बसलो तर तो गावाला गेलेला. नंबर बदलून घ्यायला एक अख्खा दिवस आणि माझी एक रजा गेली. नंबर स्वतःचाच टाका, आणि पासवर्ड घरच्या कॅलेंडरवर लिहा.

आणि ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. मूळ कागदपत्रं घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करावा लागतो, तोपर्यंत तो अर्ज धरतच नाहीत. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार. आमच्या दाखल्यावर माझं नाव पूर्ण आणि आधारवर अर्धं. खिडकीवरच्या माणसाने कागद परत सरकवला. शाळेत गेलो, सुट्टी. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं पत्र आणलं, मग चाललं. हे नावाचं मार्चमध्येच तपासून ठेवा.

खरी कसोटी विकल्पांच्या क्रमाची. नियम असा की पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. माझा जीव इलेक्ट्रिशियनमध्ये, मागणी जास्त म्हणून. रात्री दहाला मॅडमना फोन केला, त्यांनी घेतला. "पहिल्या नंबरला तेच टाका, जे मिळालं तर सकाळी उठून आनंदाने पैसे भरायला जाल. आणि जाणार कोण आहे, तुम्ही की ती?" पहिल्या दोन नंबरला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल गेलं, तिसऱ्याला इलेक्ट्रिशियन, चौथ्याला फिटर. अकरावीचाही अर्ज भरून ठेवला, हिच्या आईला रात्री झोप लागावी म्हणून.

जुलैत पहिल्या फेरीची यादी लागली. लेकीला लागलं ते चौथ्या विकल्पाचं फिटर. मोबाईल माझ्या हातात होता. मी हसायला लागलो, मग लेकही, आणि हिची आई दोघांवर ओरडली. प्रवेश न घेता दुसऱ्या फेरीसाठी थांबायचं ठरवलं. ते दहा-बारा दिवस वाईट गेले. जेवताना कोणी बोलायचं नाही. मी चोरून अकरावीचा कटऑफ बघत होतो, आणि नंतर कळलं, हिची आईपण. पोर्टलवर पुढच्या 'समुपदेशन फेरी'चं वेळापत्रक दिसलं तेव्हा हिला वाटलं तिथे कोणी मॅडम बसून समजावणार. तसं नसतं. आधीच्या फेऱ्यांनंतर उरलेल्या जागा तिथे गुणवत्तेनुसार उमेदवाराला समोर बोलावून वाटतात. नावाला भुलू नका, पण जागा हुकली असेल तर ती फेरी सोडूही नका.

दुसऱ्या फेरीत पहिला विकल्प लागला. सकाळी सातलाच आम्ही गेटवर होतो, ऑफिस दहाला उघडतं हे माहीत असून.

सरकारी आयटीआयची वर्षाची फी क्लासच्या एका महिन्याच्या हप्त्याहूनही कमी निघाली. त्यापेक्षा गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डाला लावून रेघा मारायच्या जोडपट्ट्या) आणि शीटचा रोल यांनाच जास्त लागले. मिनी ड्राफ्टर नवा घेऊ नका, पास झालेली मुलं निम्म्या किमतीत देतात. फक्त पट्ट्या काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघून घ्या. आमच्याकडे गुण्या माझाच होता, १९९६ चा.

ऑगस्टपासून ती जातेय. पहिले काही आठवडे नुसत्या रेघा आणि अक्षरं, ती वैतागली होती. मॅडमना एकदा फोन करून तासभर रडली, त्या बैठकीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्या काय म्हणाल्या ते मला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बस पकडून गेली.

परवा तिने फर्स्ट अँगलमध्ये (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायची एक पद्धत) काढलेलं एका ब्रॅकेटचं शीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, चूक शोधा. मी चष्मा लावून वीस मिनिटं बघितलं. सापडली नाही. तिने छोट्या भोकाची एक लपलेली रेघ, म्हणजे आतली न दिसणारी कड दाखवणारी तुटक रेघ, मुद्दाम गाळली होती.

हिची आई नातेवाइकांना अजून "टेक्निकलला आहे" एवढंच सांगते.